एकोणतिसावं नाव

स्वरूपा टिपणीसचं नाव नीट उच्चारणारा माणूस अख्ख्या हेरॉन्स क्लबात एकच होता. बाकीचे तिला 'सुवारुपा-सान' म्हणायचे, घाईत असले की नुसतं 'सुवा-सान'. कुरोसे मात्र ती कामाला लागली त्याच आठवड्यात तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "एकदा हळू म्हणून दाखवा." तिने म्हणून दाखवलं. त्याने चार वेळा घोकलं, पाचव्यांदा बरोबर म्हटलं, डोकं झुकवलं आणि निघून गेला.

कुरोसे पिचर, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणारा, होता. डावखुरा, तेहेतीस वर्षांचा, उत्तरेकडच्या अकिताचा. नऊ इनिंगांच्या सामन्यात सातवी-आठवी इनिंग आली की पंधरा-वीस चेंडू टाकायला त्याला बोलवायचे. तो आपलं काम करून खाली मान घालून परत यायचा. क्लबच्या पोस्टरवर त्याचा फोटो कधी झळकला नाही, पण अकरा हंगाम तो टिकून होता.

स्वरूपाचं बेसबॉलमध्ये येणं हा निव्वळ योगायोग होता. बारा वर्षांपूर्वी ती नवऱ्याबरोबर, जयेशबरोबर, पुण्याहून आयटीच्या कॉन्ट्रॅक्टवर टोकियोला आली. हिगाशी-कसाईच्या एका इमारतीत सातव्या मजल्यावर दोघं राहायची. चार वर्षांपूर्वी जयेशला पुण्यात चांगली नोकरी मिळाली. तो पुढे गेला. ती सहा महिन्यांत मागून जाणार होती. ते सहा महिने काही आले नाहीत. रोजचा फोन आठवड्यावर गेला, मग पंधरा दिवसांवर, आणि शेवटी वकिलाची ईमेल आली. भांडण असं झालंच नाही. एकमेकांवाचून आपलं छान चाललंय, हे दोघांच्याही एकाच सुमाराला लक्षात आलं, एवढंच.

इमारतीत बरीच मराठी घरं होती, तिथल्या बायका प्रेमळ होत्या. कुणी डब्यातून पुरणपोळ्या आणून द्यायचं, कुणी आजारपणात खिचडी. पण लिफ्टमध्ये ती शिरली की बोलणी हळू व्हायची. तिला ते सोसवेना. तिने नदीपलीकडे उरायासुला एका खोलीचं घर घेतलं. मेट्रोने एकच स्टेशन. पण त्या एका स्टेशनाने असं काही अंतर पडलं की कुणी भेटेनासंच झालं. ती ज्या बँकेत काम करत होती तिथलं कॉन्ट्रॅक्ट संपलं तेव्हा तिने संख्याशास्त्राच्या पदवीच्या जोरावर एका जाहिरातीला अर्ज केला. वांगान हेरॉन्स नावाच्या बेसबॉल क्लबला चेंडूंचा हिशोब मांडणारं माणूस हवं होतं.

"बेसबॉल? म्हणजे तू नक्की करतेस काय?" ठाण्याहून आईने विचारलं होतं.

"आई, प्रत्येक चेंडू किती वेगाने गेला, किती फिरला, हातातून किती उंचीवर सुटला, ते मोजते. आणि कोण पुढे चांगला होईल, कोण उतरणीला लागलाय, ते सांगते."

"माणसांचं भविष्य सांगतेस म्हण की," आई म्हणाली होती.

क्लबच्या दुसऱ्या फळीचं मैदान खाडीच्या कडेला होतं. तिथल्या इमारतीत एका लांबट खोलीत संगणक, पडदे आणि स्वरूपा असायची. दुपारी बाकीचे सगळे खानावळीत जात. तिथल्या रश्शात मासळी असायची म्हणून ती डबा घेऊन खोलीतच बसे. पहिल्या वर्षी एकटी. दुसऱ्या वर्षी कुरोसे आपल्या ओनिगिरी, म्हणजे ते समुद्री शेवाळात गुंडाळलेले भाताचे त्रिकोण, घेऊन येऊ लागला.

"तुमच्या यंत्राला माझ्याबद्दल काय वाटतं?" तो रोज विचारायचा. ती पडद्यावर त्याचे कालचे चेंडू दाखवायची. मग दोघं जेवायची, फारसं न बोलता. तिच्या डब्यातल्या लिंबाच्या लोणच्याची फोड त्याने एकदा चाखली आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "हे तुमचं उमेबोशी," तो म्हणाला, म्हणजे जपानी घराघरातलं ते खारट-आंबट लोणचं. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा मागितली. कधी तो मुलीबद्दल सांगायचा. साकी तिचं नाव, सहा वर्षांची. गेल्या वसंतात त्यांनी उरायासुतच छोटं घर बांधलं होतं. त्यामुळे "आपण एकाच गावचे" असंही तो म्हणायचा. स्वरूपाला हे वाक्य फार आवडायचं. तसं तिला गेल्या कित्येक वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं.

नोव्हेंबरात हंगाम संपला आणि मोकळ्या खेळाडूंचा बाजार उघडला. जपानात खेळाडू एकाच संघाला बांधलेला असतो. सात-आठ हंगाम पुरे केले की त्याला 'मी मोकळा' असं जाहीर करता येतं, मग त्याला कुणीही बोलवावं. त्या वर्षी दूर दक्षिणेकडच्या बेटावरच्या मात्सुयामा पायलट्स या क्लबचा पहिल्या नंबरचा पिचर साएकी मोकळा झाला. सहा क्लब त्याच्या मागे लागले. हेरॉन्सने त्याला मिळवलं.

पण अशा बड्या खेळाडूला उचलायचं तर ज्या संघाचा तो होता त्या संघाला भरपाई द्यावी लागते, आणि ती भरपाई माणसाच्या रूपातही मागता येते. हेरॉन्सने अठ्ठावीस नावांची यादी करायची. ही आमची राखलेली माणसं, यांना हात लावायचा नाही. जी नावं यादीत नाहीत त्यांतला कुणीही एक मात्सुयामाने निवडावा. निवडलेल्याला नाही म्हणायची सोय नाही. यादी गुप्त असते. आपण आत आहोत की बाहेर, हे खेळाडूला कधीच कळत नाही. कळतं ते फक्त ज्याला जावं लागतं त्याला.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात संघबांधणीचे प्रमुख निइमी-सान यांनी स्वरूपाला वर बोलावलं. भल्या स्वभावाचा माणूस. बोलताना चष्मा पुसायची सवय.

"सत्तावीस नावं ठरली," ते म्हणाले. "अठ्ठाविसाव्यासाठी दोघं आहेत. मियानागा आणि कुरोसे. पुढच्या तीन वर्षांत संघाला जास्त उपयोग कुणाचा, एवढंच मला सांगा. शुक्रवारपर्यंत."

मियानागा बावीस वर्षांचा होता. उंच, लाजाळू, कोपराच्या ऑपरेशनमधून नुकताच सावरलेला. त्याचा चेंडू यंत्रावर पाहिला की स्वरूपाच्या अंगावर काटा यायचा. असा फिरणारा चेंडू तिने दोन वर्षांत दुसऱ्या कुणाचा पाहिला नव्हता.

"कुरोसेचा पगार मियानागाच्या पाचपट आहे," निइमी पुढे म्हणाले. "साएकीला आणल्यावर वरच्यांनी घालून दिलेली पगाराची मर्यादा जवळजवळ संपलीच. पण ते तुम्ही मनात आणू नका. तुम्ही फक्त आकडे पाहा."

तीन दिवस तिने आकडे पाहिले. पुन्हा पुन्हा मांडले, वेगवेगळ्या रीतीने मांडले. एकदा तर आपण कुरोसेच्या बाजूने जरा जास्तच खटपट करतोय हे तिचं तिलाच कळलं आणि तिने ती फाइल पुसून टाकली. उत्तर एकच येत होतं. पंधराव्या चेंडूनंतर कुरोसेची कंबर बॅटरकडे लवकर वळत होती, हात दोन बोटं खाली येत होता, आणि त्याचा हुकमी स्लायडर, म्हणजे शेवटी आडवा वळणारा चेंडू, नेमका बॅटरच्या पुढ्यात येऊन पडत होता. तीन वर्षांचा विचार केला तर मियानागा.

तिने तसं लिहिलं. मात्र तिसऱ्या पानावर तिने एक परिच्छेद घातला. कुरोसेला एकाच इनिंगपुरतं वापरलं आणि माउंडवरच्या, म्हणजे पिचर जिथून चेंडू टाकतो त्या उंचवट्यावरच्या, पांढऱ्या पट्टीच्या डाव्या टोकाऐवजी त्याला उजव्या टोकाला उभं केलं, तर तोच चेंडू उजव्या हाताने खेळणाऱ्या बॅटरच्या गुडघ्याशी जाऊन पडेल. अजून दोन-तीन हंगाम तो उत्तम खेळू शकेल. मीटिंगमध्ये निइमींनी पहिलं पान वाचलं, दुसरं उलटलं, आणि "आभारी आहे, अगदी स्पष्ट आहे," म्हणून कागद बंद केले. तिसरं पान कुणी पाहिलं की नाही, ते तिला कळलं नाही. तिनेही विचारलं नाही.

पुढच्या सोमवारी दुपारी कुरोसे नेहमीसारखा ओनिगिरी घेऊन आला. डिसेंबरात सरावाला सुट्टी असते, प्रशिक्षकांना शिकवायलाही मनाई असते. ज्याचा त्याने सराव करायचा. तो रोज सकाळी सायकलवरून येऊन शंभर चेंडू भिंतीवर टाकायचा.

"पुढच्या वर्षी मी काय बदलू?" त्याने विचारलं. "या क्लबात आणखी तीन वर्षं काढायची आहेत मला. साकी एप्रिलमध्ये पहिलीत जाईल. दप्तर आणलंय, फिकट जांभळं. घरातसुद्धा पाठीला लावून हिंडते."

स्वरूपाने डबा उघडला. लोणच्याची फोड त्याच्या डब्याच्या झाकणात वाढली. एक वाक्य तिच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण यादीबद्दल चकार शब्द काढणार नाही अशा कागदावर तिने सही केली होती. आणि शिवाय, मात्सुयामावाले मागून मागून एका उतरत्या पिचरला कशाला मागतील? असं तिने स्वतःला समजावलं.

"जानेवारीत बघू," ती म्हणाली. "आता अंगाला विश्रांती द्या."

"जानेवारीत नक्की," तो म्हणाला.

जानेवारीच्या नऊ तारखेला मात्सुयामाने कुरोसेला मागितलं.

निइमी-सान स्वतः खोलीत सांगायला आले. त्यांना वाटलं होतं, मात्सुयामावाले एखादा तरुण कॅचर मागतील. "कुरोसेच्या बाबतीत वाईट वाटतं," ते चष्मा पुसत म्हणाले, "पण संघाच्या दृष्टीने सुटलो. पगाराचाही बोजा हलका झाला. तुमचं काम चोख होतं." ते गेल्यावर स्वरूपा बराच वेळ पडद्याकडे बघत बसली. पडद्यावर काहीच लावलेलं नव्हतं.

दोन दिवसांनी कुरोसे आपलं कपाट रिकामं करायला आला. काळा सूट, टाय. मैदान सांभाळणाऱ्या म्हाताऱ्यापासून खानावळीतल्या बायकांपर्यंत प्रत्येकासमोर जाऊन तो वाकला, प्रत्येकाला तेच शब्द म्हणाला: आजवर सांभाळून घेतलंत. सगळ्यांत शेवटी तो तिच्या खोलीत आला.

"स्वरूपा-सान, आजवर सांभाळून—"

"कुरोसे-सान, थांबा." ती उठून उभी राहिली. "ते शब्द मला म्हणू नका. आकडा माझा होता. तुमच्यात आणि आणखी एकात निवड करायची होती. मी दुसऱ्याचं नाव लिहिलं."

तो तसाच अर्धवट वाकलेला राहिला. मग सरळ झाला.

"डिसेंबरात," त्याने विचारलं, "मी पुढच्या वर्षाचं विचारत होतो, त्या दिवशी तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"लोणचं वाढताना तुमचा हात थांबला होता. मला वाटलं, बरणीतलं संपत आलं असेल."

बाहेर कुणीतरी यंत्राने मैदानाची माती सारखी करत होतं. तो आवाज जवळ आला आणि लांब गेला.

"बायको म्हणते, ती आणि साकी इथेच राहतील," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण प्रत्येक शब्द जपून ठेवत असल्यासारखा तो बोलत होता. "घर आहे, शाळा ठरलेली. मी तिकडे क्लबच्या वसतिगृहात. तेहेतिसाव्या वर्षी पोरांबरोबर. तुम्ही एक शब्द बोलला असता तर यादी बदलली नसती, ते मला कळतं. पण ती दुपार तरी मी वेगळी घालवली असती. दप्तराचं वगैरे सांगत बसलो नसतो."

"चुकलं माझं," स्वरूपा म्हणाली. "आकडा बरोबर होता. पण तुमच्यासमोर जेवत बसले, ते चुकलं."

तो खुर्चीत बसला. त्याने गुडघ्यांवर हात ठेवले. मग म्हणाला, "अहवालात आणखी काय होतं? म्हणजे मी संपलो, एवढंच होतं?"

"नाही. तिसरं पान होतं."

"दाखवा."

"कागद क्लबचा आहे, देता येणार नाही," ती म्हणाली. "पण चला."

आतल्या सरावाच्या शेडमध्ये कुणी नव्हतं. माउंडवर चढून तिने बुटाच्या टोकाने पांढऱ्या पट्टीचं उजवं टोक दाखवलं. पंधराव्या चेंडूचं सांगितलं, कमरेचं सांगितलं. कुरोसेने कोट काढून दांडीला अडकवला, टाय खांद्यावरून मागे टाकला आणि ऑफिसच्या बुटांनीच उजव्या टोकाला उभा राहिला. पहिला चेंडू जमिनीवर आपटला. दुसराही. आठवा-नववा चेंडू मात्र जाळीच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे ती म्हणाली होती तिथे, जाऊन बसला. त्याने आणखी दहा टाकले. सगळे नाही, पण सहा-सात तिथेच गेले.

त्याने कोट घातला. "मात्सुयामाला हे सांगणारं कुणी असेलच," तो म्हणाला. "नसेल तर मी सांगेन." मग त्याने तिला डोकं झुकवलं. इतरांना झुकवलं होतं त्याहून थोडं कमी. तिच्या ते लक्षात आलं, आणि ते योग्यच आहे असं तिला वाटलं.

त्या आठवड्यात हिगाशी-कसाईहून यामिनीचा मेसेज आला. यामिनी तिची जुन्या इमारतीतली शेजारीण. रविवारी संक्रांतीचं हळदीकुंकू आहे, या वर्षी काहीही कारण चालणार नाही. एरवी स्वरूपाने काहीतरी कारण काढलंच असतं. या वेळी ती गेली. पंधरा-सोळा बायका होत्या, काळ्या साड्या, तिळगूळ, कोपऱ्यात मुलांचा कल्ला. यामिनीची मुलगी जुई तिला ओळखून जपानीतच म्हणाली, "तुम्ही पूर्वी वर राहायचात ना?"

"आणि काय गं, अजून त्या बेसबॉलवाल्यांकडेच?" यामिनीने विचारलं.

"हो." हातातल्या वाटीकडे बघत स्वरूपा म्हणाली, "माझ्यामुळे तिथल्या एकाची बदली झाली गं. घरदार इथे सोडून मात्सुयामाला जावं लागलं त्याला."

"अगं, मात्सुयामाच ना?" केतकी नावाची एक नवी मुलगी म्हणाली. "आमच्याकडे दर तीन वर्षांनी देश बदलतो! मागच्या वेळी तर सामान जहाजावर आणि आम्ही विमानतळावर." सगळ्या हसल्या. प्रत्येकीला आपापली बदली आठवली, प्रत्येकीने सांगितली. स्वरूपाही हसली. त्यांचं काही खोटं नव्हतं. तास-दीड तासाने ती निघाली. यामिनीने वाण म्हणून एक छोटी स्टीलची डबी दिली आणि दाराशी हात धरून म्हणाली, "येत जा गं." ती हो म्हणाली. स्टेशनवर आल्यावर तिला वाटलं, परत जावं आणि यामिनीला नीट सगळं सांगावं. पण गाडी आली.

फेब्रुवारीत सगळा संघ दक्षिणेला सरावशिबिराला गेला. स्वरूपाला दुखापतीतून उठणाऱ्यांबरोबर मागे ठेवलं. दुपारी ती डबा घेऊन खोलीत बसे. आठवडाभरानंतर ती खानावळीत जाऊ लागली. रश्शाचा वाडगा बाजूला सारून नुसता भात आणि डबा. तिथे निदान ताटांचा आवाज असायचा.

मियानागा एप्रिलमध्ये पहिल्या फळीत खेळला. पहिल्या सामन्यात चार बॅटर लागोपाठ बाद केले, पाचव्याने त्याचा चेंडू प्रेक्षकांत मारला, त्यानंतर त्याला काही सुधरेना. दोन आठवड्यांनी तो खालच्या फळीत परत आला. निइमी-सान म्हणाले, "वेळ लागेल. तीन वर्षांचा हिशोब होता ना?" स्वरूपाने मान हलवली.

कुरोसेचे सामने ती पाहत होती. कामाचा भाग म्हणून पाहायलाच लागत होते. मात्सुयामात तो एकाच इनिंगपुरता यायचा, पट्टीच्या उजव्या टोकाला उभा राहायचा. मे संपेपर्यंत त्याच्या चेंडूंवर समोरच्यांना फक्त तीन रन मिळाले होते. पायलट्सच्या प्रशिक्षकाने एका वर्तमानपत्राला सांगितलं, हा पठ्ठ्या आला तोच बदल घेऊन आला.

जूनमध्ये हेरॉन्सचे मात्सुयामात तीन सामने होते, आणि या वेळी आकडेवाल्यांपैकी स्वरूपाला बरोबर नेलं. आदल्या आठवड्यात तिला मात्सुयामाच्या प्रत्येक पिचरवर एकेक पान लिहायचं होतं. कुरोसेचं पान तिने शेवटी ठेवलं. तिथे तिला वाटलं, जरा कमी लिहिलं तर? कुणाला कळणार होतं? पण खोलीत कुणी नसतानाही तिला तसं करता आलं नाही. तिने सगळं लिहिलं. उजव्या टोकाला उभा राहतो. पहिला चेंडू हमखास स्लायडर. तो उजव्या बॅटरच्या गुडघ्याशी येतो. पुढचा पाय थोडा उघडून उभं राहा, वाट बघा, खेचून मारा. बॅटिंगचा प्रशिक्षक पान वाचून खूश झाला. "हा आला की समजा दोन रन आपले," तो म्हणाला.

रविवारी दुपारी तिसरा सामना होता. उकाडा फार. सामन्याआधी कुरोसे जुन्या सोबत्यांना भेटायला हेरॉन्सच्या बाजूला आला, त्याच्याभोवती घोळका झाला, कुणी पाठीत धपाटे घातले. घोळक्यापलीकडून त्याने तिच्याकडे पाहिलं आणि मान लववली. तिनेही लववली. दोघांपैकी जवळ कुणीच गेलं नाही.

आठव्या इनिंगला मात्सुयामा एका रनने पुढे होता. कुरोसे धावत माउंडवर आला. त्याने माती सारखी केली, टोपी नीट केली, आणि पट्टीच्या डाव्या टोकाला जाऊन उभा राहिला.

स्वरूपा खुर्चीत पुढे सरकली. हेरॉन्सचा बॅटर तिच्या पानात लिहिल्याप्रमाणे पाय उघडून उभा होता. पहिला चेंडू सरळ, वेगात, बाहेरच्या कडेवरून गेला. दुसराही बाहेरून. तिसऱ्याला बॅटरने हात लांबवला, चेंडू हवेत उडाला आणि झेलला गेला. दुसरा बॅटर आला, त्याचंही तसंच. तिसऱ्याच्या वेळी प्रशिक्षक ओरडून काहीतरी सांगायला लागला, पण तोवर उशीर झाला होता. नऊ चेंडूंत तिघं बाद, इनिंग संपली. कुरोसेने या हंगामात त्या टोकावरून एकही चेंडू टाकला नव्हता.

प्रशिक्षक मागे वळून म्हणाला, "सुवा-सान, तुमचं पान चुकलं."

"हो, चुकलं," ती म्हणाली. आणि तिच्या लक्षात आलं की आपण हसतोय, म्हणून तिने खाली बघून कागद गोळा करायला सुरुवात केली. हे कुणाला तरी सांगायलाच हवं असं तिला वाटलं. आजूबाजूला तीस माणसं होती आणि सगळी सामना हातचा निसटतोय या सुतकात होती.

सामना संपल्यावर ती बॅग घेऊन बसकडे निघाली तेव्हा बोगद्यासारख्या वाटेवर कुरोसे उभा होता. केस ओले, खांद्यावर टॉवेल.

"तुम्ही सगळं खरं लिहिणार, याची मला खात्री होती," तो म्हणाला. "एक ओळही गाळणार नाही. म्हणून दुसरीकडे उभा राहिलो."

"कमी लिहावंसं वाटलं होतं," ती म्हणाली. "नाही जमलं."

"बरं झालं. जमलं असतं तर मी फसलो असतो." तो पहिल्यांदाच हसला. मग टॉवेलने मान पुसत म्हणाला, "एक सांगू? राग अजून येतो. रोज नाही. रविवारी संध्याकाळी साकीचा फोन ठेवला की येतो. खोलीत एक खुर्ची आणि टीव्ही आहे. आवाज हवा म्हणून टीव्ही चालू ठेवतो, बघत नाही."

"मी रेडिओ लावते," स्वरूपा म्हणाली. "अर्धं कळत नाही, तरी लावते. चार वर्षं झाली."

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं, तिची ही गोष्ट त्याला आत्ताच कळत असल्यासारखं. वर्षभर समोरासमोर जेवूनही त्याने कधी तिला घरी कोण कोण असतं हे विचारलं नव्हतं, आणि तिने सांगितलं नव्हतं.

"सवय होते?" त्याने विचारलं.

तिला काहीतरी बरं उत्तर द्यायचं होतं. "कामाच्या दिवशी होते," ती म्हणाली. "सुट्टीच्या दिवशी नाही."

"हं," तो म्हणाला. बसमधून कुणीतरी तिला हाक मारली. "स्वरूपा-सान, जपून जा." या वेळी तो नीट वाकला, पूर्ण.

बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली. शेजारची सीट रिकामी होती. तिथे तिने बॅग ठेवली. मंगळवारी दुसऱ्या शहरात दुसऱ्या संघाशी सामना होता, त्यांच्या अकरा पिचरांची पानं अजून लिहायची होती. बस मैदानाला वळसा घालून निघाली. कुंपणाच्या कडेने कुरोसे एकटाच वसतिगृहाकडे चालत जात होता, एका हातात बॅग, दुसऱ्या हातात कानाला लावलेला फोन. चालता चालता तो थांबला, काहीतरी ऐकून मोठ्याने हसला, आणि तिथेच कुंपणाला टेकून उभा राहून बोलत राहिला. बस वळेपर्यंत स्वरूपा त्याच्याकडे बघत होती. मग तिने संगणक उघडला.